आधी कॉम्प्रेस की आधी एन्क्रिप्ट? वाळपईहून पणजीला लॅबचा डेटा जातो, फाइल लहानच होत नाही

सत्तरीकर

नमस्कार मंडळी. वाळपईला एक लहान लॅब आहे, रक्त-लघवी तपासणी आणि एक्स-रे, तिथल्या कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. रोज रात्री डेटा पणजीच्या मेन सेंटरला जातो, तिकडचे डॉक्टर बघून रिपोर्टवर सही करतात. एक डेटाबेसचा पूर्ण डम्प असतो, साधा टेक्स्ट, १८० एमबीच्या आसपास, आणि एक्स-रेच्या डायकॉम (वैद्यकीय चित्रांचा फॉरमॅट) फाइल्स वेगळ्या, त्या कधीकधी एक जीबीच्या वर जातात. अपलोड मिळतं दोन एमबीपीएस, पावसात तेवढंही नाही, आणि मध्येच लाईट गेली की सगळं पहिल्यापासून.

स्क्रिप्ट सॉफ्टवेअरवाल्यांनी लिहून दिलीय. ती आधी ओपनएसएसएलच्या एन्क कमांडने पासवर्ड घालून एईएस-२५६-सीबीसी पद्धतीने एन्क्रिप्ट करते, त्याचं बेस६४ करते (म्हणजे साध्या अक्षरांत लिहिते), मग जीझिपने कॉम्प्रेस करते आणि भाड्याच्या क्लाउड स्टोरेजवर टाकते, पणजीवाले तिथून उतरवून घेतात. १८० ची फाइल एन्क्रिप्ट झाल्यावर २४४ होते आणि जीझिप झाल्यावर १८५ च्या आसपास येते. मी विचारलं की एवढीच का, तर म्हणाले चोवीस टक्के कॉम्प्रेशन मिळतंय की, मेडिकल डेटा यापेक्षा जास्त दबत नाही. मला ते पटत नाही कारण तोच डम्प मी सहज झिप केला तर खूपच लहान झाला. शिवाय लॉगमध्ये रोज वॉर्निंग येते की की-डेरिव्हेशनची, म्हणजे पासवर्डापासून की (किल्ली) बनवायची, पद्धत जुनी आहे, डेप्रिकेटेड आहे, तिचं काय करायचं तेही कळत नाही.

लोकांचे रिपोर्ट आहेत हो, इकडे गाव लहान, कोणाची कसली तपासणी झाली हे एकाला कळलं की दुपारपर्यंत तिस्कापर्यंत पोचतं, म्हणून घाईघाईत क्रम बदलून काही भलतंच व्हायला नको. जाणकारांनी सांगा.

अंत्रुजकर

सत्तरीकरबाब, तुमचा संशय बरोबर आहे, क्रम उलटा आहे. आधी कॉम्प्रेस, मग एन्क्रिप्ट, दुसरा क्रम चालतच नाही.

कारण असं. जीझिपच्या आत जे डिफ्लेट आहे ते दोन गोष्टींवर जगतं. एक म्हणजे लेम्पेल आणि झिव यांची १९७७ ची पद्धत, तोच मजकूर पुन्हा आला की तो पुन्हा न लिहिता 'एवढ्या अक्षरांमागे बघ आणि एवढी अक्षरं घे' इतकंच लिहायचं. दुसरं हफमन कोडिंग, १९५२ चं, जी अक्षरं वारंवार येतात त्यांना कमी बिट द्यायचे. तुमच्या डम्पमध्ये 'हिमोग्लोबिन', तारखा, कॉलमची नावं, तेच तेच हजारो वेळा येत असणार, म्हणजे दबायला भरपूर जागा. पण एईएसमधून बाहेर पडलेल्या बाइट्समध्ये कुठलीच पुनरावृत्ती दिसता कामा नये आणि कुठलाच बाइट दुसऱ्यापेक्षा जास्त येता कामा नये, चांगल्या सायफरची (एन्क्रिप्शनच्या पद्धतीची) ओळखच ती. मग जीझिपला पकडायला काही उरत नाही. उलट एन्क्रिप्ट केलेली फाइल झिप करून बऱ्यापैकी लहान झाली तर घाबरायला पाहिजे, एन्क्रिप्शनमध्येच काहीतरी गडबड आहे असा त्याचा अर्थ.

आता तुम्ही विचाराल की मग २४४ ची १८५ कशी झाली. ते चोवीस टक्के बेस६४ चे आहेत! बेस६४ तीन बाइट्सची चार अक्षरं करतं, म्हणून १८० चे आधी २४० झाले, वर ओळी तोडण्याची अक्षरं, झाले २४४. त्यात फक्त ६४ प्रकारची अक्षरं असतात, प्रत्येकाला खरं तर सहाच बिट पुरतात पण फाइलमध्ये आठ खर्च होतात. हफमन ते दोन बिट परत काढतो, म्हणजे साधारण पाव भाग कमी, आणि तुम्ही फिरून जवळजवळ १८० वर. तुमच्या डेटाचं कॉम्प्रेशन शून्य झालंय, बेस६४ ने फुगवलेलं तेवढं खाली बसलंय. फाइल अपलोड करायला बेस६४ लागतही नाही, ते ईमेलसारख्या फक्त टेक्स्ट चालणाऱ्या ठिकाणासाठी आहे.

हे करा. डम्प थेट झेडस्टँडर्डमधून काढा (यान कोले यांनी लिहिलेलं, फेसबुकने २०१६ मध्ये ओपन केलं, जीझिपपेक्षा बरंच वेगवान आणि बहुतेक वेळा जास्त दाबतं), मग एन्क्रिप्ट, मग अपलोड, मध्ये बेस६४ नको. आणि डम्प काढणारा प्रोग्रॅम स्वतःच कॉम्प्रेस करत नाही ना ते बघा, पोस्टग्रेसचा कस्टम फॉरमॅट मुळातच कॉम्प्रेस करून देतो, तसं असेल तर ते बंद करा नाहीतर झेडस्टँडर्डच्या हाताला काही लागणार नाही.

वॉर्निंगचं सांगतो. नुसता पासवर्ड दिला तर ती एन्क कमांड त्यापासून की बनवताना हॅश (मजकुराचा ठसा काढणारं गणित) एकदाच फिरवते, म्हणजे पासवर्ड अंदाजाने शोधणाऱ्याला प्रत्येक प्रयत्न जवळजवळ फुकट. १.१.१ आवृत्तीपासून पीबीकेडीएफ२ चा (तेच गणित हजारो वेळा फिरवण्याचा) पर्याय आलाय तो लावला की वॉर्निंग जाते. पण मी म्हणेन ती कमांडच सोडा, त्यात जीसीएमसारखे मोड चालत नाहीत, म्हणजे वाटेत कोणी फाइलमध्ये फेरफार केला तर उघडताना कळायची सोय नाही.

सत्तरीकर

देव बरें करूं! लगेच करून बघितलं, झेडस्टँडर्डच्या नेहमीच्या लेव्हलला १८० ची २१ एमबी झाली. आधी निदान बारा मिनिटं जायची, आता दीड मिनिटात जाईल. मेडिकल डेटा दबत नाही म्हणे!

एन्क कमांड सोडून काय वापरू?

बार्देसची_लेक

थांबा, उद्याच चालू करू नका, आधी एक विचारते. त्या डम्पमध्ये बाहेरच्या माणसाने लिहिलेलं काही जातं का? म्हणजे पेशंट स्वतः वेबसाइटवर भरतात असं काही? आणि त्याच डम्पमध्ये पासवर्ड, टोकन असलं काही आहे का?

विचारायचं कारण सांगते. एन्क्रिप्शन मजकूर लपवतं, लांबी लपवत नाही. आणि कॉम्प्रेशन काय करतं, तर मजकुरात काय आहे ते लांबीत उतरवतं. दोन्ही एकत्र आले की आतलं गुपित लांबीतून थेंबथेंब बाहेर येऊ शकतं. जॉन केल्सी यांनी हे २००२ मध्येच पेपर लिहून दाखवलं होतं पण फार कोणी मनावर घेतलं नाही, आणि २०१२ ला थाई डुओंग आणि जुलियानो रिझ्झो यांनी क्राइम नावाचा हल्ला करून दाखवला. ब्राउझर रिक्वेस्ट पाठवतो त्यात लॉगिनची कुकी असते, हल्लेखोर त्याच रिक्वेस्टमध्ये आपला अंदाज घालतो, अंदाज कुकीच्या खऱ्या अक्षराशी जुळला की अंत्रुजकरबाबांनी सांगितलेली ती 'मागे बघ' वाली युक्ती लागू होते आणि पॅकेट बारीकसं लहान होतं. एक अक्षर मिळालं, की पुढचं. एन्क्रिप्शनला हातही लावावा लागत नाही. पुढच्या वर्षी ब्रीच आला, तो वेबपेजच्या कॉम्प्रेशनवर, आणि २०१८ ला ओपनव्हीपीएनच्या कॉम्प्रेशनवर व्होरेकल. त्याच वर्षी टीएलएस १.३ (वेबसाइटशी होणाऱ्या बोलण्याच्या एन्क्रिप्शनची पद्धत) आलं, त्यातून कॉम्प्रेशन काढूनच टाकलंय. म्हणून 'आधी कॉम्प्रेस मग एन्क्रिप्ट, झालं' एवढ्यावर कोणी सोडलं की मला राहवत नाही.

अंत्रुजकर

ताई, मुद्दा खरा आहे पण इथे तो किती लागतो? क्राइमला पाहिजे काय, हल्लेखोराचा मजकूर आणि गुपित एकाच कॉम्प्रेशनमध्ये, लांबी बघायची सोय, आणि हजारो वेळा प्रयत्न करायची मुभा. इथे फाइल जाते रात्रीतून एकदा. १८० एमबीच्या डम्पमध्ये रोज किती ओळी बदलतात, त्या गोंधळात एका बाइटचा फरक कोण शोधणार. ते वाचून आमच्या सत्तरीकरबाबांनी कॉम्प्रेशनच बंद केलं तर पावसात फाइल पोचणारच नाही, आणि मग कोणीतरी पेनड्राइव्हवर घालून कदंबाच्या बसने पाठवेल, ते जास्त धोक्याचं.

सत्तरीकर

ताई, आहे हो. वेबसाइटवर अपॉइंटमेंटचा फॉर्म आहे, त्यात 'काही सांगायचंय का' असा रकाना, ते सगळं त्याच डेटाबेसमध्ये येतं. आणि सेटिंगचं एक टेबल आहे त्यात एसएमएस पाठवायच्या सेवेची की असते. तेही डम्पमध्ये जातं.

बार्देसची_लेक

बघा, म्हणजे तीनातल्या पहिल्या दोन गोष्टी आहेत तुमच्याकडे, क्लाउडची फोल्डर ज्याला दिसते त्याला रोजची लांबी पण दिसते. अंत्रुजकरबाब म्हणतात ते मला मान्य आहे, रात्रीतून एकाच फाइलवर हे जमवणं फार फार कठीण, कॉम्प्रेशन अजिबात बंद करू नका. पण इलाज फुकटात आहे तर का सोडायचा? सेटिंगचं टेबल डम्पमधून वगळा, पणजीला ते लागतच नाही. आणि फॉर्मचं टेबल वेगळ्या फाइलमध्ये, वेगळं कॉम्प्रेस करून. बाहेरच्याने लिहिलेलं आणि आतलं गुपित एका कॉम्प्रेशनमध्ये नको, एवढाच नियम.

मला तुमच्या बाबतीत खरी काळजी वेगळ्या लांबीची आहे. पेशंटागणिक वेगळी फाइल करून, नावात पेशंटचा नंबर घालून पाठवत असाल तर ते आधी थांबवा. आत काय आहे ते कळलं नाही तरी कोणाची फाइल कधी गेली आणि केवढी होती ते कळतं, आणि अमुक तपासणीचा रिपोर्ट नेहमी एवढ्याच केबीचा असतो हे लॅबमध्ये काम केलेला कोणीही ओळखेल. लांबीतून किती कळतं याचा अंदाज येण्यासाठी सांगते, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लोकांनी २००८ मध्ये दाखवलं होतं की इंटरनेट कॉलचा आवाज एन्क्रिप्टेड असला तरी नुसत्या पॅकेटांच्या आकारावरून बोलण्यातली ठरावीक वाक्यं ओळखता येतात. कारण तेच, आवाजाचं कॉम्प्रेशन बोलण्याप्रमाणे कमीजास्त होतं आणि एन्क्रिप्शन ते तसंच पुढे जाऊ देतं. म्हणून सगळ्यांचं मिळून एकच टार (सगळ्या फाइल्सचं एक गाठोडं), नावात फक्त तारीख.

अजून पाहिजे तर कॉम्प्रेस झाल्यावर आणि एन्क्रिप्ट करण्याआधी फाइल पुढच्या पूर्ण एमबीपर्यंत भरून काढा, २१ ची २२, रोज २२ च दिसेल. झेडस्टँडर्डमध्ये 'स्किपेबल फ्रेम' म्हणून सोय आहे, तिच्यात काहीही भरा, उघडताना ती वगळली जाते.

काणकोणवाला

एक्स-रेचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो, मी एका रेडिओलॉजी सेंटरमध्ये आहे. तुमचा वेळ खातात त्या डायकॉम फाइल्सच, डम्प नाही. एक डिजिटल एक्स-रे कॉम्प्रेस न केलेला असेल तर सहज दहा-पंधरा एमबी. झेडस्टँडर्ड, जीझिप ही मजकुराची हत्यारं, चित्रात शेजारचे पिक्सेल जवळपास सारखे असतात पण अगदी तेच नसतात, ते यांना पकडता येत नाही. डायकॉममध्येच जेपीईजी-एलएस किंवा जेपीईजी २००० ची लॉसलेस पद्धत आहे, मशीनच्या एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये 'ट्रान्सफर सिंटॅक्स' बघा. साधारण दोन-तीन पट लहान होतात आणि एकही पिक्सेल बदलत नाही. लॉसी चुकूनसुद्धा निवडू नका, बारीक फ्रॅक्चर बघायचं असतं डॉक्टरांना. पणजीच्या सॉफ्टवेअरला ते उघडता येतं का एवढं एका फाइलवर आधी तपासा.

आणि एकदा तशा केल्या की त्यावर पुन्हा झेडस्टँडर्ड लावून वेळ घालवू नका, सरळ एन्क्रिप्ट.

अंत्रुजकर

हे उत्तम सांगितलं. बाब, डम्पसाठी अजून एक, यात तुमचं खरं काम होईल. पूर्ण डम्प रोज जातो पण कालच्या आणि आजच्यात फरक थोडाच. झेडस्टँडर्डच्या १.४.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, 'पॅच-फ्रॉम' म्हणून पर्याय आहे, त्याला कालचा डम्प दाखवायचा आणि तो आजचा फरक तेवढा काढतो. पणजीला कालचा डम्प उघडलेला असतोच, त्यावर आजचा बसतो. तुमचे २१ एमबी आहेत ते आणखी बरेच खाली येतील. दोन गोष्टी सांभाळा, दोन्हीकडे कालची फाइल बाइट न् बाइट तीच पाहिजे, आणि एक दिवस चुकला की पुढची साखळी तुटते, म्हणून रविवारी पूर्ण डम्प पाठवा. आणि हे जमतं तेही क्रमामुळेच, एन्क्रिप्ट केलेल्या कालच्या आणि आजच्या फाइलमध्ये सारखं असं काही नसतंच.

बार्देसची_लेक

पॅच-फ्रॉम छान आहे, फक्त मग फाइलचा आकार म्हणजे आज किती नवीन नोंदी झाल्या त्याचा आकडाच, तिथे ते भरून काढणं पाहिजेच.

एन्क कमांडऐवजी काय ते राहिलं. मी एज वापरा म्हणेन, फिलिप्पो वालसोर्दा यांचं एन्क्रिप्शनचं टूल, लहानसं आणि चुका करायला जागा न ठेवणारं. ते स्वतः कॉम्प्रेस करत नाही, म्हणजे क्रम तुमच्या हातात. वाळपईच्या मशीनवर फक्त बंद करायची पब्लिक की ठेवायची, उघडायची की पणजीला. तुमचा पीसी उद्या चोरीला गेला तरी क्लाउडवरच्या जुन्या फाइल्स त्यावरून उघडत नाहीत, आत्ता पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहिलेला असणार. फाइल ते ६४ केबीच्या तुकड्यांत एन्क्रिप्ट करतं आणि प्रत्येक तुकड्याला पडताळणीचा शिक्का असतो, फेरफार झाला की उघडताना थांबतं.

इथे पणजीवाल्यांना एक नीट सांगा. उघडताना एजचा आउटपुट थेट झेडस्टँडर्डमध्ये पाइप करायचा मोह होतो, तो नको. आधी पूर्ण फाइल डिक्रिप्ट होऊ दे, एजने शेवटपर्यंत ठीक आहे म्हटलं की मगच डिकॉम्प्रेस. फाइल मध्येच कापलेली असेल तर ते शेवटीच कळतं, आणि खात्री नसलेली फाइल डिकॉम्प्रेसरला खायला घातली तर काहीशे केबीचे कित्येक जीबी करणारी फाइल पण कोणी तयार करू शकतं, डिस्क भरून सर्व्हर बसेल. पाठवताना कॉम्प्रेस-एन्क्रिप्ट, उघडताना पडताळणी-डिक्रिप्ट आणि मग डिकॉम्प्रेस.

आणि पब्लिक की ज्याच्याकडे आहे तो कोणीही फाइल बनवू शकतो, म्हणजे फाइल वाळपईहूनच आली हे एज सांगत नाही. त्यासाठी एसएसएच-कीजेन या टूलने डिजिटल सही करा, तयार एन्क्रिप्टेड फाइलवर, आणि पणजीला आधी सही तपासायची मग बाकी सगळं. रिपोर्टचा प्रश्न आहे, कोणी दुसऱ्याचे आकडे घुसवले तर नुसती गुप्तता काय कामाची.

नवशिका_मडगाव

मध्येच विचारतो, कॉम्प्रेस केल्याने एन्क्रिप्शन आणखी मजबूत होतं असं कॉलेजमध्ये शिकवलं होतं, ते खरं का?

अंत्रुजकर

ते शॅननपासून आलंय, १९४९ चा पेपर. भाषेत पुनरावृत्ती जेवढी जास्त तेवढा सायफर फोडणाऱ्याला आधार जास्त, कॉम्प्रेशनने ती कमी होते म्हणून फोडणं अवघड. हाताने फोडता येणाऱ्या जुन्या सायफरना हे लागू पडायचं. आजचा एईएस किंवा चाचा२० मजकूर कसाही असला तरी टिकेल असाच बनवलाय, त्यामुळे आज कॉम्प्रेशन करायचं ते फक्त आकारासाठी. सुरक्षा वाढते म्हणून कोणी करत असेल तर ताईंनी सांगितलेला लांबीचा भाग त्याला वाचायला द्या.

सत्तरीकर

सगळं लिहून घेतलं. सॉफ्टवेअरवाल्यांशी बोललो, सेटिंगचं टेबल वगळायला तयार आहेत, स्क्रिप्ट मी लिहितो. एक्स-रेच्या मशीनमध्ये जेपीईजी-एलएस लॉसलेस सापडलं आणि पणजीला उघडलं पण. पेशंटागणिक फाइल जात होती एक्स-रेची, तीही बंद करून एकच टार करतो.

एकच शंका. उघडायची की फक्त पणजीला आणि तिथला सर्व्हर गेला तर? क्लाउडवरच्या फाइल्सच आमचा बॅकअप पण आहेत.

बार्देसची_लेक

बॅकअप पण तोच असेल तर एका कीवर अजिबात राहू नका. एजला एकाच वेळी दोन पब्लिक की देता येतात. दुसरी जोडी ऑफलाइन मशीनवर बनवा, तिची उघडायची की कागदावर छापून पाकिटात घालून मालकांच्या लॉकरमध्ये, ती एकच ओळ असते. फाइल दोनदा एन्क्रिप्ट होत नाही, आतली किल्ली तेवढी दोघांसाठी वेगळी गुंडाळली जाते, त्यामुळे आकारात फरक पडतो तो शंभरेक बाइट्सचा. आणि पॅच-फ्रॉमची फाइल एकटी उघडत नाही, म्हणून रविवारची पूर्ण फाइल आणि त्यानंतरच्या सगळ्या, पुढचा पूर्ण डम्प पोचेपर्यंत क्लाउडवरून काढू नका. चवथीच्या सुट्टीआधी एकदा त्या कागदावरून की टाइप करून, दुसऱ्याच लॅपटॉपवर, रविवार ते शनिवार सगळं उघडून बघा.